कोल्हापूरच्या घरात मुलांना बचत आणि गुंतवणूक शिकवताना

पैशाविषयीचे बहुतेक मार्गदर्शन महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार जमा होतो असे गृहीत धरून केलेले असते. कोल्हापूर जिल्ह्यातील असंख्य घरांत पैसा तसा येत नाही. करवीर, कागल, पन्हाळा, शिरोळ या तालुक्यांत उसाचे बिल गळीत हंगामात येते, दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी मिळते, दिवाळीच्या तोंडावर दूध दर फरक जमा होतो. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्याचा पगार आठवड्याला होतो, तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्याचा महिन्याला. त्यामुळे मुलांना पैसा शिकवायचा असेल तर तो आपल्या घरात ज्या रीतीने येतो, तेथूनच सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपल्याकडे बँका, पतसंस्था, भिशी, पिग्मी यांचे जाळे इतके दाट आहे की पैसा ठेवायला जागा शोधावी लागत नाही. ती जागाच आपल्या दारात येते. म्हणून ‘किती टक्के मिळतात?’ या प्रश्नाच्या आधी ‘पैसा कोणाकडे आहे आणि तो अडकला तर परत देण्याची जबाबदारी कोणाची?’ हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली पाहिजे. पुढील सर्व पायऱ्या या एका सवयीभोवती रचल्या आहेत.

पहिली पायरी : घरचे बिल मुलांसमोर उघडणे

मूल आठ-नऊ वर्षांचे झाले, त्याला बेरीज-वजाबाकी नीट येऊ लागली, की घरात आलेले एखादे खरे बिल त्याच्यासोबत वाचावे. समजा, कारखान्याला ४० टन ऊस गेला आणि टनाला ३,२०० रुपये दर मिळाला, तर बिलाची रक्कम १,२८,००० रुपये होते. हा आकडा ऐकून मुलाचे डोळे विस्फारतात. मग खालची ओळ वाचायला सांगावी : विकास सेवा सोसायटीचे पीककर्ज ६५,००० रुपये वजा. हातात राहिले ६३,०००. आता त्याला १२ ने भाग द्यायला लावावा. उत्तर येते महिन्याला ५,२५० रुपये, आणि त्यातूनही खत, मशागत व भांगलणीची मजुरी अजून द्यायची आहे. लाखाचे बिल आणि महिन्याचे पाच हजार या दोन आकड्यांमधले अंतर मुलाने स्वतः काढले, की ‘बिल आले आहे तर गाडी घेऊ’ हे वाक्य घरात का वाद निर्माण करते, ते त्याला उमगते.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांच्या आत रास्त व किफायतशीर दराने पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे, ही माहितीही याच वेळी द्यावी. आपल्या पैशावर आपला कायदेशीर हक्क असतो आणि त्याची मुदत ठरलेली असते, हे मुलांना लहानपणी कळलेले बरे.

नोकरदार घरात हेच काम पगारपत्रक करते. मूळ वेतन, भविष्य निर्वाह निधीची कपात आणि हातात येणारी रक्कम या तीन ओळी पुरेशा आहेत. मात्र घरातील कर्जाची चिंता मुलाच्या डोक्यावर टाकू नये. आकडा दाखवावा, तो फेडण्याची योजनाही दाखवावी, आणि ती मोठ्यांची जबाबदारी आहे हे स्पष्ट सांगावे.

दुसरी पायरी : गल्ला आणि वही

भाऊबीज व रक्षाबंधनाची ओवाळणी, मे महिन्यात मामाने गावाला जाताना हातावर ठेवलेली नोट, जोतिबाच्या यात्रेला आजीने दिलेले पैसे अशी मुलांची स्वतःची मिळकत वर्षभर थोडी थोडी होत असते. बहुतेक घरांत ती आई ‘ठेवून देते’ आणि पुढे तिचे काय झाले ते मुलाला कधीच कळत नाही. बचतीवरचा मुलांचा विश्वास येथेच पहिल्यांदा डळमळतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाच्या गल्ल्यातून अडीअडचणीला पैसे घ्यावे लागले, तर ते त्याला विचारून घ्यावेत, वहीत तारखेसह लिहावेत आणि ठरल्या दिवशी परत करावेत. उसनवारी कशी पाळतात, याचा याहून चांगला धडा नाही.

वहीची रचना साधी असावी : तारीख, कोणाकडून किंवा कशासाठी, जमा, खर्च, शिल्लक. पैसे मिळाले त्याच दिवशी त्यातला ठरलेला भाग, समजा चौथा हिस्सा, आधी गल्ल्यात जावा आणि उरलेला खर्चाला राहावा. खर्चून उरेल ते गल्ल्यात टाकू, असे ठरवले तर काहीही उरत नाही. गल्ल्याला उद्देशही हवा. ‘भविष्यासाठी’ या शब्दाला दहा वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो. ‘दिवाळीच्या सुट्टीत बॅट घ्यायची’ याला असतो. खर्चाच्या वाट्यातून त्याने दोन दिवसांत मोडणारे खेळणे घेतले, तर घेऊ द्यावे आणि ती रक्कम भरून देऊ नये.

तिसरी पायरी : स्वतःचे खाते

१० वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बचत खाते आणि मुदत ठेव खाते स्वतंत्रपणे उघडण्याची व चालवण्याची मुभा बँका देऊ शकतात. रिझर्व्ह बँकेने याविषयीच्या सूचना एप्रिल २०२५ मध्ये नव्याने दिल्या. किती रकमेपर्यंत आणि कोणत्या अटींवर, हे प्रत्येक बँक ठरवते, पण अशा खात्यातून शिल्लकेपेक्षा जास्त रक्कम काढता येत नाही. पोस्टातही १० वर्षांवरील मुलाच्या स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. त्यासाठी ५०० रुपये लागतात.

खाते उघडण्याचे काम पालकांनी परस्पर उरकू नये. अर्ज मुलाने भरावा, भरणा पावतीवर रक्कम अंकात आणि अक्षरात त्यानेच लिहावी, खिडकीपाशी त्यानेच उभे राहावे. दर तीन महिन्यांनी पासबुक भरून आणावे आणि व्याजाची नोंद शोधायला सांगावी. ती रक्कम अगदी छोटी असते, पण कष्ट न करता आलेली ती पहिलीच मिळकत असल्याने मुले ती आवर्जून दाखवतात.

त्यानंतर पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव सुरू करावी. ती महिन्याला १०० रुपयांपासून करता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झालेला ६.७ टक्के दर धरला, तर ६० महिन्यांत भरलेल्या ६,००० रुपयांचे सुमारे ७,१३६ रुपये होतात. अल्पबचतीचे दर केंद्र सरकार दर तिमाहीला जाहीर करते. आवर्ती ठेवीला मात्र सुरू करतानाचा दर पूर्ण मुदतीला लागू राहतो. हप्ता चुकला की दंड लागतो, आणि तो दंड मुलाच्याच खर्चाच्या वाट्यातून भरावा.

मुलगी १० वर्षांखालील असेल, तर सुकन्या समृद्धी योजनेचा विचार पालकांनी वेळीच करावा. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये, १५ वर्षे भरणा आणि २१ वर्षांनी मुदतपूर्ती अशी तिची रचना आहे. जानेवारी २०२४ पासून तिचा दर ८.२ टक्के झाला. दहा वर्षे उलटल्यावर हे खाते उघडता येत नाही.

चौथी पायरी : पैसा कोणाकडे आहे?

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन एका रविवारी गल्लीतून फेरफटका मारावा आणि जेथे जेथे ठेवी स्वीकारल्या जातात, त्या पाट्या वाचायला लावाव्यात. राजारामपुरी असो, लक्ष्मीपुरी असो वा तालुक्याचे गाव असो, पाट्यांवर ‘बँक’, ‘सहकारी बँक’, ‘नागरी सहकारी पतसंस्था’ असे वेगवेगळे शब्द दिसतील. बाहेरून कार्यालये सारखीच असतात, कर्मचारी ओळखीचे असतात, पासबुकही तसेच असते. फरक कायद्यात आहे.

व्यापारी बँका आणि परवानाप्राप्त सहकारी बँकांमधील ठेवींना ठेव विमा व पत हमी महामंडळाचे संरक्षण असते. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदारासाठी मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपये आहे. त्याआधी ती १ लाख होती. बँकेवर निर्बंध येऊन पैसे काढणे थांबले, तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी, अशी तरतूद २०२१ मध्ये झाली. पतसंस्थांतील ठेवींना हे विमासंरक्षण नाही. बहुतेक पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असतात आणि त्यांच्यावर सहकार खात्याचे नियंत्रण असते. बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज मिळते ते या वाढीव जोखमीपोटी, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे.

याचा अर्थ सगळ्या पतसंस्था धोक्याच्या आहेत असा घेऊ नये. गावातील लहान दुकानदाराला, गवंड्याला, शिलाईकाम करणाऱ्या बाईला बँकेने दारात उभे केले नाही तेव्हा पतसंस्थेनेच कर्ज दिले, आणि नीट चालवलेल्या अनेक संस्था जिल्ह्यात आहेत. पण नीट चालली आहे की नाही, हे संचालकांच्या ओळखीवरून ठरवू नये. ते अहवालावरून ठरवावे. दर वर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेआधी सभासदांना अहवाल मिळतो. तो बहुधा फोटो पाहून बाजूला ठेवला जातो. या वेळी तो मुलासमोर उघडावा आणि तीन गोष्टी शोधाव्यात : लेखापरीक्षकाने दिलेला वर्ग अ, ब, क की ड, एकूण कर्जात थकबाकी किती, आणि ती मागच्या वर्षापेक्षा वाढली की घटली, संचालक व त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे. चौदा वर्षांच्या मुलाला हे समजत नाही असे मुळीच नाही. उलट मुले असे प्रश्न विचारतात, जे भिडेपोटी आपण सभेत कधी विचारलेले नसतात.

पिग्मीचेही असेच आहे. रोज थोडी रक्कम घरी किंवा दुकानात येऊन गोळा करण्याची ही पद्धत पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ मध्ये सुरू केली आणि सीमेपलीकडून ती आपल्याकडे पक्की रुजली. रोजची विक्री असलेल्या दुकानदाराला ती अतिशय सोयीची आहे. मुलाला दोन कामे द्यावीत : एजंटाकडून रोज पावती घेणे आणि महिन्यातून एकदा त्या पावत्यांची बेरीज खात्यातील नोंदीशी ताडून पाहणे. पिग्मी बँकेची असेल तर विमा आहे, पतसंस्थेची असेल तर नाही, हा मघाचा प्रश्न येथेही विचारावा.

भिशी मुलांना समजावण्यासाठी कागद-पेन्सिल पुरते. दहा जणींनी महिन्याला १,००० रुपये भरायचे आणि दर महिन्याला चिठ्ठी काढून १०,००० रुपये एकीला द्यायचे. पहिल्या महिन्यात जिला रक्कम मिळते तिला बिनव्याजी कर्ज मिळाले. दहाव्या महिन्यात जिला मिळते तिने तेवढा काळ बिनव्याजी ठेव ठेवली. पहिल्या महिन्याची मानकरी पुढचे हप्ते भरायची थांबली तर काय, हा प्रश्न मूल स्वतःच विचारते. तेव्हा सांगावे की येथे हमी केवळ ओळखीची आहे. म्हणून भिशी नात्यातल्या, शेजारच्या, छोट्या रकमेपुरती ठेवावी आणि अनोळखी माणसाने चालवलेल्या मोठ्या भिशीत जाऊ नये.

पाचवी पायरी : व्याजाची तीन गणिते

आठवी-नववीच्या गणितात चक्रवाढ व्याज येते. ते घरच्या पैशाला जोडून द्यावे.

पहिले गणित बचतीचे. एक जण २० ते ३० या वयात वर्षाला १२,००० रुपये बाजूला टाकतो आणि मग थांबतो. दुसरा ३० व्या वर्षी सुरुवात करून ६० पर्यंत तेवढेच टाकत राहतो. दोघांनाही ८ टक्के चक्रवाढ दर मिळाला असे धरले, तर साठाव्या वर्षी १ लाख २० हजार भरणाऱ्याकडे सुमारे १७ लाख ४९ हजार असतात, आणि ३ लाख ६० हजार भरणाऱ्याकडे सुमारे १३ लाख ५९ हजार. हे मुलाला वाचून दाखवू नये. वर्षावर वर्ष त्यालाच मांडायला लावावे. चाळीस ओळी होतात, पण त्या लिहून काढल्यावर वेळेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे गणित महागाईचे. ७२ ला दराने भागले की रक्कम किंवा किंमत दुप्पट होण्यास लागणारी वर्षे साधारण कळतात. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत खर्च दुप्पट. बचत खात्यावरचे व्याज त्याहून कमी असेल, तर तेथे वर्षानुवर्षे पडलेल्या पैशाची खरेदीची ताकद घटत जाते. आजीच्या पेटीत गुजरीतल्या सराफाच्या जुन्या पावत्या असतील, तर त्या काढून भावाची तुलना करायला द्यावी. त्याच वेळी हेही दाखवावे की दागिना घेताना मजुरी आणि ३ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, आणि मोडताना त्यातले काही परत मिळत नाही. सोने बचत म्हणून घ्यायचे असेल, तर हॉलमार्कसोबत सहा अंकाक्षरी ओळख क्रमांक आहे का ते पाहावे. एप्रिल २०२३ पासून तो बंधनकारक आहे.

तिसरे गणित कर्जाचे, आणि दुचाकीचे वेड लागण्याच्या वयात ते फार उपयोगी पडते. ६०,००० रुपयांचे कर्ज, दोन वर्षे, ‘फक्त १० टक्के’ सरळ दर. व्याज १२,००० रुपये, म्हणून हप्ता ३,००० रुपये. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ६०,००० वर आकारले गेले आहे. घटत्या शिल्लकेवर मोजले, तर हा दर सुमारे १८ टक्के भरतो. कर्ज घेण्याआधी ‘सरळ दर की घटत्या शिल्लकेवर?’ असे शोरूममध्ये उभे राहून विचारणारा मुलगा आयुष्यभर बरेच पैसे वाचवील.

सहावी पायरी : बाजाराची ओळख

शेअर बाजाराकडे पंधराव्या-सोळाव्या वर्षाआधी वळण्याची घाई करू नये. त्याआधीच्या पायऱ्या झाल्या असतील, तर ओळख सोपी जाते. सुरुवात मालकीपासून करावी. घरात सहकारी साखर कारखान्याचा किंवा दूध संस्थेचा भाग दाखला बहुधा असतोच. सभासद भाग घेतो, संस्थेच्या नफ्यात त्याला लाभांश मिळतो, सभेत मत देता येते. कंपनीचा शेअर हाही मालकीचा वाटाच; फरक असा की सहकारात एका सभासदाला एकच मत असते आणि भागाची किंमत रोज बदलत नाही, तर कंपनीत जितके शेअर तितकी मते आणि किंमत बाजार ठरवतो.

ती किंमत किती हलू शकते, ते लपवू नये. २३ मार्च २०२० रोजी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून अधिक कोसळला. त्या दिवशी ज्यांना दवाखान्यासाठी किंवा फीसाठी पैसे हवे होते, त्यांना तोट्यात विकावे लागले. ज्यांना सात-आठ वर्षे लागणार नव्हते, ते थांबू शकले. म्हणून पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा बाजारात नेऊ नये, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

प्रत्यक्ष सुरुवातीसाठी निफ्टी ५० सारख्या, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरवर आधारलेल्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड आणि दरमहा ५०० रुपयांच्या आसपासचा हप्ता पुरेसा आहे. अल्पवयीनाच्या नावाने फंड घेता येतो, पण व्यवहार पालक करतात. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत मध्यस्थाविना घेण्याचा थेट पर्यायही असतो आणि त्याचा वार्षिक खर्च कमी असतो; दोन्ही पर्यायांचे खर्चाचे आकडे मुलाने शेजारी शेजारी लिहावेत.

फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढील किमतीवर केले जाणारे करार, यांबाबत मी ठाम आहे : शिकणाऱ्या मुलांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांतील १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. मोबाइलवर नफ्याचे पडदे दाखवणाऱ्या कोणत्याही क्लासच्या जाहिरातीपुढे हा एक आकडा ठेवावा.

कराची एक बाब. मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज सामान्यतः आई-वडिलांपैकी ज्यांचे उत्पन्न जास्त, त्यांच्या उत्पन्नात मिळवले जाते. मात्र मुलाने स्वतःच्या श्रमाने किंवा कौशल्याने मिळवलेली कमाई, जसे कुस्तीच्या मैदानात जिंकलेले इनाम, यातून वगळली जाते. तालमीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी अशा इनामांची वेगळी नोंद ठेवावी.

सातवी पायरी : फसवणूक ओळखणे

‘महिन्याला दहा टक्के, मुद्दल सुरक्षित’ असे सांगणारा माणूस बहुधा अनोळखी नसतो. तो मित्राचा भाऊ असतो, तालमीतला असतो, पाहुण्यांतला असतो, आणि पहिले दोन-तीन परतावे त्याने खरोखर दिलेले असतात. मुलाला ७२ चे सूत्र आठवायला लावावे : महिन्याला १० टक्क्यांनी पैसे सात-आठ महिन्यांत दुप्पट होतात. असा कोणता प्रामाणिक धंदा आपल्या ओळखीत आहे, ते त्यालाच शोधू द्यावे. मग परवान्याचा प्रश्न : सेबीची नोंदणी आहे का, रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का? बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर करता येते, आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे.

मोबाइलबाबत तीन गोष्टी पाठ असाव्यात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. आणि आपले खाते ‘थोडे दिवस वापरायला’ कोणालाही द्यायचे नसते. चोरीचा पैसा फिरवण्यासाठी महाविद्यालयीन मुलांची खाती हजार-दोन हजारांच्या आमिषाने घेतली जातात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

आठवी पायरी : अठरावे वर्ष

वाढदिवसाच्या महिन्याभरात कागदपत्रे उरकावीत. बँकेत नवी सही आणि ओळखपत्रे द्यावी लागतात. अल्पवयात काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, ते अद्ययावत करून घ्यावे. म्युच्युअल फंडात अल्पवयीन ही नोंद बदलेपर्यंत व्यवहार थांबतात, त्यामुळे तो अर्ज आधी करावा. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते पालकांनी उघडले असेल, तर ते आता मुलाने स्वतः चालवायचे असते. प्रत्येक खात्याला वारस नोंदवावा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत वारस लावता येतात.

आणि खात्यातून सुरू करता येणारे दोन सरकारी विमे घ्यावेत : वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा. दोन्हींचे वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस खात्यात ४५६ रुपये शिल्लक आहेत ना, हे मुलाने स्वतः पासबुकात पाहून घ्यावे.